माहितीपत्रक नको, वेळापत्रक दाखवा

पालकहो,

बारावीचा निकाल लागला की ओळखीपाळखीतून फोन यायला लागतात. ‘मुलगी डाएटिशियन व्हायचं म्हणतेय. चांगलं कॉलेज कोणतं? किती टक्क्यांना मिळतं? फी किती?’ प्रश्न बहुतेक याच क्रमाने येतात, आणि तिन्ही रास्त आहेत. पण तिन्हींची उत्तरं मिळाली म्हणजे निवड झाली असं नाही. मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. वेगवेगळ्या कॉलेजांतून आलेल्या मुली, आणि आताशा एखाददुसरा मुलगाही, आमच्याकडे इंटर्नशिपला असतात. कुणाचं कॉलेज शिकवणारं होतं आणि कुणाचं नुसतं परीक्षा घेणारं, हे पहिल्याच आठवड्यात कळतं. गुणपत्रिका मात्र दोघींच्या सारख्याच असतात. म्हणून फॉर्म भरण्याआधी तुमच्याशी थोडं बोलायचं आहे.

‘वजन कमी करून देणारी बाई’ एवढीच आमच्या कामाची ओळख घरोघरी पोचली आहे. वॉर्डात आमचा दिवस वेगळ्याच माणसांबरोबर जातो. किडनीचा रुग्ण घ्या. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी त्याला प्रथिनं बेताने द्यावी लागतात, वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.६ ते ०.८ ग्रॅम. डायलिसिस सुरू झालं की तीच वाढवून १ ते १.२ ग्रॅमपर्यंत न्यावी लागतात, कारण डायलिसिसमध्ये प्रथिनांचे घटक वाहून जातात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला आधी चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम आणि नंतर साठ-सत्तर. घट्ट वरणाच्या एका वाटीत, म्हणजे ३० ग्रॅम कच्च्या डाळीत, मिळतात सहा-सात ग्रॅम. बाकीची आणायची कुठून? घर माळकरी, अंडं चालत नाही. डाळ वाढवावी तर पोटॅशियम नि फॉस्फरस वाढतं. दूध वाढवावं तर दिवसभराच्या पाण्याचा हिशेब चुकतो. तेवढ्यात भेटायला आलेला मेव्हणा प्रेमाने शहाळं घेऊन येतो, आणि किडनी थकलेल्या माणसाच्या हृदयाला शहाळ्यातलं पोटॅशियम झेपत नाही. हे त्या मेव्हण्याला न दुखावता सांगायचं कामही आमचंच.

शेजारच्या खाटेवर नुकताच टाइप वन मधुमेह निघालेला नऊ-दहा वर्षांचा मुलगा असतो. त्याच्या आईला पोळीतलं, भातातलं, वाढदिवसाच्या केकमधलं कर्बोदक मोजायला आणि त्याप्रमाणे इन्सुलिनची सांगड घालायला शिकवायचं असतं. संकष्टीला साबुदाण्याची खिचडी खाऊन ‘आज मी काहीच खाल्लं नाही’ म्हणणाऱ्या आजी असतात. आयसीयूत राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात सोडलेल्या नळीतून, अन्न जात असतं, तिथे तासाला किती मिलिलिटर हे ठरवायचं असतं. अनेक दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपूर अन्न दिलं तर रक्तातलं फॉस्फेट कोसळून जिवावर बेतू शकतं, हे ठाऊक असावं लागतं.

स्वयंपाकाची आवड इथे उपयोगी पडते, पण हे शास्त्र उभं आहे बायोकेमिस्ट्री आणि फिजिऑलॉजीवर. पहिल्या वर्षी मुली अडखळतात त्या याच विषयांत. ‘विज्ञान फारसं झेपत नाही, मग डाएटचा कोर्स करू दे, पुढे घरातही उपयोगी पडेल’ असा विचार तुमच्या मनात असेल, तर तो इथेच बाजूला ठेवा. हा विचार होम सायन्सच्या जुन्या प्रतिमेतून आला आहे. त्या प्रतिमेने या विषयाचं बरंच नुकसान केलं असं माझं मत आहे. खरं तर हा विषय आजारांच्या शोधातून वाढला. ज्या राष्ट्रीय पोषण संस्थेची पुस्तकं तुमची लेक वापरणार आहे, तिची सुरुवात १९१८ साली निलगिरीतल्या कुन्नूरला झाली. रॉबर्ट मॅककॅरिसन नावाचा डॉक्टर तिथे बेरीबेरी या आजाराच्या कारणांचा शोध घेत होता. १९५८ साली ती संस्था हैदराबादला आली. याच संस्थेने २०२४ साली सुधारून प्रसिद्ध केलेल्या आहार-मार्गदर्शिकेत म्हटलं आहे की, भारतातला ५६.४ टक्के आजारांचा भार अयोग्य आहाराशी जोडलेला आहे. काम किती पडलं आहे याचा अंदाज एवढ्यावरून यावा.

आता कॉलेजाकडे वळू. माहितीपत्रकं देखणी असतात. गॅलरीत हिरवा एप्रन घातलेल्या मुली, हातात ब्रोकोली. ते बाजूला ठेवा आणि कार्यालयात जाऊन तिसऱ्या वर्षाचं, आणि चौथं असेल तर चौथ्याचंही, वेळापत्रक मागा. आठवड्यात प्रयोगशाळेचे तास किती? डाएट थेरपीचं प्रॅक्टिकल खरोखर होतं का? या प्रॅक्टिकलमध्ये एक रुग्ण कागदावर दिलेला असतो: वय, वजन, रक्ताचे रिपोर्ट, महिन्याचं उत्पन्न, शाकाहारी की मिश्राहारी. मुलीने त्याचा दिवसभराचा आहार आखायचा, मोजून शिजवायचा, ताटात मांडायचा आणि मग व्हायव्हाला उभं राहायचं. काही ठिकाणी हे नुसतं जर्नलमध्ये लिहून उरकतात. अशा कॉलेजांतल्या मुली आमच्याकडे येतात तेव्हा त्यांना १,८०० कॅलरींचा तक्ता पाठ असतो, पण ते १,८०० ताटात कसे दिसतात याचा पत्ता नसतो.

मागच्या वर्षीच्या एखाद्या मुलीचं जर्नल बघायला मिळालं तर जरूर चाळा. त्यात ज्वारीची भाकरी, आंबील, पेज, कुळथाचं पिठलं आहे की ओट्स, किनोवा आणि अ‍ॅव्होकाडो? हे मी गमतीने म्हणत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांमध्ये ५२८ भारतीय पदार्थांचं पृथक्करण दिलेलं आहे. ते पुस्तक ज्या वर्गात हाताळून हाताळून मळलेलं असेल तो वर्ग चांगला समजा. उद्या तुमच्या मुलीसमोर बीडचा ऊसतोड कामगार बसेल, मालवणची मासळीवाली बसेल. त्यांच्या चुलीवर काय शिजतं हे जिला ठाऊक नाही, तिचा आहारतक्ता ते दाराबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून जातात. मी पाहिलं आहे.

रुग्णालयातल्या पोस्टिंगबद्दल तर अगदी खोदून विचारा. कोणतं रुग्णालय, किती आठवडे, तिथे मुलींवर देखरेख कोण करतं, कॉलेज आणि रुग्णालय यांच्यात लेखी करार आहे का. ‘आमच्या मुली मोठमोठ्या हॉस्पिटलमध्ये जातात’ हे उत्तर झालं नाही. एका दिवसाची भेटही जाणंच असते. त्याच ओघात अंगणवाडी, आश्रमशाळा किंवा वस्तीतल्या कामाचं विचारा, कारण कुपोषित मूल हाताळल्याशिवाय महाराष्ट्रात हा विषय अर्धाच राहतो. आणि कॉलेज बघायला ओपन डेला जाऊ नका. एखाद्या साध्या मंगळवारी जा, कँटीनमध्ये चहा घ्या, आणि शेवटच्या वर्षाच्या मुलींना मोकळं बोलू द्या. मुलीलाच बोलायला पुढे करा, तुम्ही जरा लांबच्या टेबलावर बसलात तर उत्तम.

अभ्यासक्रमांच्या नावांचं तर जंगल आहे. बी.एस्सी. होम सायन्समधली फूड, न्यूट्रिशन अँड डाएटेटिक्सची शाखा, बी.एस्सी. न्यूट्रिशन अँड डाएटेटिक्स, क्लिनिकल न्यूट्रिशन, फूड सायन्स, फूड टेक्नॉलॉजी, शिवाय बी.व्होक. फूड टेक्नॉलॉजी हा वेगळाच रस्ता: तो बिस्किटांच्या, दुधाच्या, मसाल्यांच्या कारखान्याकडे जातो. रस्ता चांगलाच आहे, पण तिथून वॉर्डात पोचता येईल असं समजून प्रवेश घेऊ नये. ‘क्लिनिकल’ शब्द नावात असून तीन वर्षांत रुग्णालयाचं तोंड न दाखवणारे अभ्यासक्रमही निघाले आहेत. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. उलट ‘होम सायन्स’ या जुनाट वाटणाऱ्या नावाखाली पक्का अभ्यास करून घेणारी कॉलेजं आपल्याकडे आहेत.

ठिकाणांची यादी देत बसत नाही, पण दिशा सांगते. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठाचं जुहूचं सर विठ्ठलदास ठाकरसी होम सायन्स कॉलेज आणि मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन ही जुनी घराणी. पुण्यात कर्वे रस्त्यावर एसएनडीटीचंच होम सायन्स कॉलेज आहे, नागपुरात एलएडी. परभणीच्या कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. तिथे पोषणाबरोबर गावाकडचे इतर विषयही शिकावे लागतात. गोव्यात पणजीला गोवा कॉलेज ऑफ होम सायन्स आहे. शेजारी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातला अन्न आणि पोषण विभाग देशात नावाजलेला. दिल्लीचं लेडी आयर्विन हवं असेल तर सीयूईटी ही सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि तिचा फॉर्म बारावीच्या निकालाच्या बराच आधी भरायचा असतो. निकालानंतर जाग येऊन उपयोग नाही. मुलगा असेल तर या यादीतली बरीच दारं बंद आहेत, कारण एसएनडीटी, निर्मला निकेतन, एलएडी, लेडी आयर्विन ही मुलींची कॉलेजं. मुलांसाठी बडोदा, काही खासगी विद्यापीठं, इतर विद्यापीठांची सहशिक्षणाची कॉलेजं. वॉर्डात पुरुष डाएटिशियन मोजकेच दिसतात त्याचं एक कारण हेही असावं.

एक कायदा तुम्हाला माहीत हवाच. २०२१ साली संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्यात डाएटिशियन व न्यूट्रिशनिस्ट यांची गणना आरोग्यसेवा व्यावसायिकांत केली. त्या कायद्यानुसार आरोग्यसेवा व्यावसायिकाची पदवी किमान ३,६०० तासांची आणि तीन ते सहा वर्षांत पसरलेली असावी लागते. इन्स्टाग्रामवर दिसणारा तीन महिन्यांचा ‘सर्टिफाइड न्यूट्रिशनिस्ट’ कोर्स या आकड्याशेजारी ठेवून बघा. त्यानंतर २०२५ साली या आयोगाने पोषण आणि आहारशास्त्राचा नमुना अभ्यासक्रम काढला. त्यामुळे कॉलेजात हा प्रश्न सरळ विचारा: ‘या आयोगाच्या नियमांप्रमाणे तुमचा अभ्यासक्रम बदलला आहे का, बदलणार आहे का, आणि मान्यतेचं काय?’ प्राचार्यांना राग आला तर येऊ द्या. तीन-चार वर्षं तुमच्या मुलीची जाणार आहेत.

आणखी एक. घरबसल्या पदवीचा विचार असेल तर तो सोडा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून अन्न व पोषणशास्त्र आणि क्लिनिकल न्यूट्रिशन-डाएटेटिक्स हे विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला विद्यापीठांना मनाई केली आहे. अजूनही कुणी जाहिरात करत असेल तर तिला भुलू नका.

मूल दहावीत असेल तर माझं एकच सांगणं: अकरावीत बायोलॉजी सोडून कॉम्प्युटर सायन्स घेण्याचा मोह आवरा. पूर्वी होम सायन्सला कला-वाणिज्याच्या मुलींनाही जागा मिळे, काही ठिकाणी अजूनही मिळते. पण आहारशास्त्राची वाट आता फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मागू लागली आहे.

यापुढचं जरा हळू आवाजात बोलायचं आहे. या विषयाकडे काही मुली स्वतःच्या शरीरावरच्या रागातून येतात. लहानपणापासून ‘जाडी’ म्हणून चिडवलेली असते, किंवा गेल्या वर्षभरात तिने जेवण निम्म्यावर आणलेलं असतं. रोज वजनकाट्यावर चढणं, भाताचा घास टाळणं, सगळ्यांबरोबर जेवायला न बसणं, पाळी चुकणं अशी चिन्हं घरात दिसत असतील, आणि त्याच वेळी तिला अचानक न्यूट्रिशन शिकायचं असेल, तर प्रवेशाची घाई करू नका. हा अभ्यास म्हणजे दिवसभर कॅलरी मोजणं. आधीच अन्नाच्या धाकात असलेल्या मुलीच्या हातात तो हिशेब दिला तर त्रास वाढू शकतो. ती पुढे याच विषयात उत्तम काम करूही शकेल, पण त्याआधी डॉक्टरांना आणि समुपदेशकांना दाखवणं गरजेचं आहे. आणि आपल्या घरात लग्नसमारंभात, ताटावर बसल्यावर, तिच्या अंगाबद्दल कोण काय बोलतं, हेही एकदा ऐकून बघा. आत्या-मावश्यांना गप्प करायची जबाबदारी तिच्यावर टाकू नका.

शुद्ध शाकाहारी घरांतून हमखास येणारा प्रश्न: अंडं, मासे शिजवावे लागतील का? अंड्याचं प्रॅक्टिकल बहुतेक ठिकाणी असतं. तिने खावं असं कुणी म्हणणार नाही. पण समोरच्या अशक्त रुग्णाला रोज दोन अंडी खा असं सांगताना तिचा चेहरा आक्रसता कामा नये. एवढं जमेल का, हे तिचं तिला ठरवू द्या.

पैशांचं लपवत नाही. सुरुवातीचा पगार इंजिनिअर मैत्रिणीच्या निम्माही नसेल, आणि स्वतःचं क्लिनिक जमायला वर्षं लागतात. शिवाय पदवी हा मुक्काम नाही. चांगल्या रुग्णालयात उभं राहायचं तर एम.एस्सी. किंवा पदव्युत्तर पदविका, त्यानंतर रुग्णालयातली इंटर्नशिप आणि मग इंडियन डाएटेटिक असोसिएशनची आर.डी. परीक्षा, म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ ही पात्रता. ही संस्था १९६० च्या दशकापासून आहे आणि तिच्या आर.डी.ला मोठ्या रुग्णालयांत वजन आहे. बारावीनंतर पाच-सहा वर्षांचा खर्च धरा, तीनचा नको. लेक परदेशी जायची स्वप्नं पाहत असेल तर तिथली दारं आणखी अरुंद: अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून नोंदणीच्या परीक्षेलाच पदव्युत्तर पदवी लागते, आणि ब्रिटनमध्ये सरकारी नोंदणीशिवाय स्वतःला ‘डाएटिशियन’ म्हणवून घेणं गुन्हा आहे.

फीबाबत एक गैरसमज फार ऐकते. मुलींना शंभर टक्के फीमाफीचा महाराष्ट्र सरकारचा जुलै २०२४ चा निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेशी जोडलेला आहे. आहारशास्त्राचे बरेच प्रवेश कॉलेज-पातळीवरच्या गुणवत्ता यादीतून होतात. तेव्हा ‘मुलींना फी नसते’ असं गृहीत धरून बँकेचा हिशेब मांडू नका; कार्यालयात विचारा आणि महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर आपल्याला कोणती शिष्यवृत्ती लागू होते ते तपासा.

फॉर्मच्या वेळी धावपळ होते ती कागदांची. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांसाठी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आधी नावनोंदणी करावी लागते आणि मग कॉलेजचा वेगळा अर्ज. नुसता एकच भरून मुलं निवांत बसतात आणि यादीत नाव येत नाही. नॉन-क्रीमी लेयर, जातवैधता, अधिवास हे दाखले निकालाआधीच हातात असू द्या. वसतिगृहाचा अर्ज बहुधा वेगळा आणि लवकर असतो. बाहेरगावच्या मुलीला पोस्टिंगच्या काळात सकाळी आठला वॉर्डात पोचायचं असतं, म्हणून कॉलेजपासूनचं अंतर बघता तसं रुग्णालयापासूनचंही बघा.

आणि पहिल्या यादीत नाव आलं नाही तर मनासारखं नसलेलं, रुग्णालय न दाखवणारं कॉलेज केवळ ‘डाएटेटिक्स’ नाव आहे म्हणून पदरात पाडून घेऊ नका. त्यापेक्षा चांगल्या कॉलेजात बायोकेमिस्ट्री किंवा मायक्रोबायोलॉजी घेतलेली मुलगी मला चालेल. अशा पदवीनंतर काही विद्यापीठं आहारशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला घेतात. फक्त २०२१ च्या कायद्याने आलेला आयोग पुढे नोंदणीसाठी कोणती पदवी मागणार, ते त्या वेळच्या नियमांत वाचून घ्या, आणि ज्या विद्यापीठात पुढे जायचं त्यांच्याकडून पात्रतेचं उत्तर ईमेलवर, लेखी मागवून ठेवा. फोनवर मिळालेलं ‘हो हो, चालेल’ दोन वर्षांनी कुणाला आठवत नाही.